खिडकीजवळचा ओला बाक

१

आचोळ्याच्या समदर्शी विद्यामंदिरात जात, धर्म, भाषा किंवा वर्ण यांवरून कोणीही कोणाला कमी लेखत नसे. हे वादातीत होतं, कारण ते फाटकाशी संगमरवरावर कोरलेलं होतं. खाली संगमरवर देणाऱ्या भालचंद्रशेठचं नाव होतं, आणि ते वरच्या मजकुरापेक्षा बरंच ठळक होतं. पावसाळ्यात पाटीवर शेवाळ धरायचं. मग नाव तेवढं वाचता यायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात, एका सोमवारी सकाळी, या शाळेच्या नववी 'अ'मध्ये खिडकीजवळचा बाक ओला सापडला. आता खिडकीची काच फुटलेली असताना पावसाळ्यात तिथला बाक ओला असणं, यात रहस्य काही नाही. पण हा बाक वरपासून पायापर्यंत घासून धुतलेला होता आणि त्याला फिनाईलचा दर्प येत होता. वर्गातले बाकीचे बाक कोरडे आणि परंपरेनुसार मळके होते.

तो बाक कमळीचा होता. कमळी राजोडीची, कोळ्यांची. पाचवीपासून ती याच शाळेत होती, गणितात पहिल्या तिघांत असायची, आणि वर्गातली सगळ्यात काळी मुलगी होती. यातली शेवटची गोष्ट सांगायची गरज नव्हती, पण वर्गात ती रोज कोणीतरी सांगायचंच.

"बाक गोरा होईल," मागच्या बाकावरून हर्षवर्धन म्हणाला. "ती नाही होणार."

वर्ग हसला. ज्ञानदा हसली नाही. ज्ञानदा वर्गाची मॉनिटर होती. शाळेच्या ग्रंथालयातल्या सगळ्या रहस्यकथा तिने वाचून संपवल्या होत्या आणि आचोळ्यात आपल्या योग्यतेचा गुन्हा कधी घडतो याची ती सातवीपासून वाट पाहत होती. तिचं रक्त उसळलं. कोणीतरी एका मुलीचा बाक विटाळल्यासारखा फिनाईलने धुतला होता. हा अन्याय होता, हा अपमान होता, आणि याचा तपास करता येण्याजोगा होता. आपल्याला थोडा आनंदही झाला आहे हे तिच्या लक्षात आलं, पण तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

कमळीने दप्तरातून फडकं काढलं, बाक पुसला आणि बसली. तिला धक्का बसलेला दिसला नाही. याला ज्ञानदाने मनातल्या मनात धीरोदात्तपणा असं नाव दिलं.

मंगळवारी बाक पुन्हा ओला होता.

२

वासाची गोष्ट जूनपासूनची होती.

शाळा उघडली आणि नववी 'अ'मध्ये खिडकीच्या बाजूला माशांचा वास येऊ लागला. कुठून येतो हे शोधायची कोणाला गरज वाटली नाही. कमळी खिडकीपाशी बसते, कमळी राजोडीची, संपलं. श्रावण लागला तशी निम्म्या वर्गाच्या घरी पथ्यं सुरू झाली आणि नाकं आणखी तिखट झाली. तिच्या शेजारच्या बाकावरच्या रिद्धीने आईची चिठ्ठी आणून जागा बदलून घेतली. मुलं येताजाता खिडक्या उघडायची. काही मुली नाकाला रुमाल लावायच्या. ज्ञानदाने नाकाला रुमाल कधीच लावला नाही. ती तो फक्त हातात धरून बसायची, लागलाच तर असावा म्हणून.

मुख्याध्यापिका आशालताबाई स्वभावाने प्रेमळ होत्या. कोणाचंही मन दुखवायचं नाही हा त्यांचा बाणा होता, आणि म्हणून जिचं मन आधीच दुखावलेलं आहे तिलाच हलवणं त्यांना सोयीचं वाटायचं. मंगळवारी ज्ञानदा तक्रार घेऊन गेली, तेव्हा बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा "अरेरे" म्हटलं आणि सांगितलं की कमळीच्या वडिलांना शनिवारी बोलावलं आहे. दाखला देऊन टाकू. मुलीच्याच भल्यासाठी. इथे तिला त्रास होतो.

"पण बाई, ऑगस्टात दुसरी शाळा कोण घेणार? तिचं वर्ष जाईल."

"वर्ष परत येतं गं," बाई म्हणाल्या. "मन एकदा मोडलं की येत नाही."

ज्ञानदाने विचारलं, शनिवारच्या आत मी गुन्हेगार पकडून दिला तर? बाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. कोणीतरी काहीतरी करतंय, ही गोष्ट त्यांना फार आवडायची.

"बघ हो," त्या म्हणाल्या. "फक्त भालचंद्रशेठच्या मुलाला काही बोलू नकोस."

म्हणजे सुरुवात कुठून करायची, हे त्यांनीच सांगून टाकलं.

३

हर्षवर्धन मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या कठड्यावर बसून वेफर्स खात होता. त्याने काहीच नाकारलं नाही. हो, मी तिला सुकट म्हणतो. हो, वास बोंबलाचाच आहे, मला ओळखता येतो, आमच्याकडे बाराही महिने असतो, फक्त श्रावणात नसतो. ज्ञानदाने त्याच्या दप्तरात हात घातला आणि एक बाटली बाहेर काढली. सेंटची होती.

"रोज मारतो," तो म्हणाला. "मम्मीचं आहे. पण फिनाईल मी नाही. अगं, फिनाईल मारलं की घासावं लागतं. मी घरी माझं ताट उचलत नाही."

हा पुरावा भक्कम होता. हर्षवर्धनला ओळखणाऱ्या कोणालाही तो पटला असता.

"सेंट कुठे मारतोस? तिच्या बाकावर?"

"तिच्या कशाला? माझ्या. माझ्यापर्यंत येतो ना तिचा वास."

हर्षवर्धन खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बसायचा. जूनमध्ये त्याच्या वडिलांनी शाळेला सहा नवे बाक दिले, हार घालून, नारळ फोडून. त्यातला एक त्याच्या वाट्याला येणं साहजिकच होतं. दुसरा आला तो फुटक्या काचेखाली, जिथे पाऊस आत यायचा आणि कोणी बसायला तयार नव्हतं. तिथे कमळी बसली. ज्ञानदाला हे सगळं ठाऊक होतं, पण त्या वेळी तिच्या मनात एवढंच आलं की हा मुलगा निर्लज्ज आहे.

रिद्धी मात्र रडवेली झाली. "मला काय नाय प्रॉब्लेम," ती म्हणाली. "मम्मीला आहे. मी तर तिला गिफ्ट पण दिलं."

काय दिलं?

"साबण. चंदनचा. एकदम चांगला होता. बोलली पण तिला, वाईट नको वाटून घेऊ, फ्रेंड म्हणून देते."

वास नक्की माशाचाच का, असं विचारल्यावर रिद्धी सगळ्यांत जास्त खात्रीने हो म्हणाली. मासा तिने जन्मात हुंगला नव्हता. त्यांच्या सोसायटीत तो चालतच नसे. पण सगळे म्हणतात म्हणजे तोच असणार ना.

राहिला शिपाई अँथनी. शाळेतलं सगळं फिनाईल त्याच्या कपाटात असायचं. त्याने ज्ञानदाला कपाट उघडून दाखवलं.

"आपला फिनाईल काळा. लाकडाला लागला की डाग सोडतो. तुमच्या बाकावर डाग हाय? नाय. तो सफेद हाय, बाहेरून कोन आनतो." मग त्याने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "आनि एक सांगतो. दर्या बंद हाय. राजोडीच्या होड्या सगळ्या वर काढल्यात, नारळी पुनवेपातूर कोन जात नाय. ती पोरगी ताजा मासा आननार कुठून? आनि सुका तर आमच्यात पन खातात, तुमच्यात पन खातात. मग वास तिचाच कसा?"

ज्ञानदाने विचारलं, सकाळी वर्ग कोण उघडतं? तो म्हणाला, मी उघडतो आणि चहाला जातो. मग कोण येतं, कोण जातं, देवाला माहीत.

म्हणजे गुन्हा त्याच्या चहाच्या वेळात होत होता. आणि त्या वेळात शाळेत कोणीही येऊ शकत होतं.

४

गुरुवारी बाक कोरडा होता.

वर्गाची जरा निराशा झाली. कमळीही आली नव्हती. हर्षवर्धन म्हणाला, आज मजा नाही. शुक्रवारी कमळी आली आणि बाक ओला होता. काल कुठे होतीस असं विचारल्यावर म्हणाली, अर्नाळ्याला मावशीकडे बारसं होतं, आदल्या रात्री ठरलं.

शुक्रवारी रात्री ज्ञानदा घरी जेवायला बसली. आईने वाढलेली भाजी तिने न कुरकुरता खाल्ली, त्यामुळे आईला ताप आहे की काय अशी शंका आली. ज्ञानदाला ताप नव्हता. तिला एक साधी गोष्ट छळत होती.

बाक सकाळी, शाळा भरायच्या आधी धुतला जातो. कमळी येणार आहे की नाही, हे त्या वेळी कोणालाच माहीत नसतं. मग ज्या दिवशी ती आली नाही, त्याच दिवशी बाक कोरडा कसा? हर्षवर्धनने धुतला असता तर गुरुवारीही धुतला असता. रिद्धीने, अँथनीने, अगदी आशालताबाईंनी धुतला असता तरीही. कमळी गुरुवारी येणार नाही हे या शाळेत कोणालाही ठाऊक नव्हतं.

एकच जण सोडून.

मग बाकीचंही आपोआप जुळत गेलं. दप्तरातलं तयार फडकं. न बसलेला धक्का. राजोडीची पहिली बस, जी अँथनी चहाला जातो तेव्हाच येते. आणि सोमवारपासून दिसत असूनही न पाहिलेली गोष्ट, कमळीच्या बोटांची पांढरी पडलेली, सोलवटलेली कातडी.

ज्ञानदाने सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडून पाहिलं. उत्तर बदललं नाही. रहस्य सुटल्यावर डिटेक्टिव्हला बरं वाटतं, असं तिने वाचलं होतं. ती अर्ध्या जेवणावरून उठली.

५

शनिवारी ज्ञानदा अँथनीच्या आधी फाटकाशी होती. वर्गात जाऊन ती फळ्याशेजारी उभी राहिली. लपायचं तिने ठरवलं होतं, पण लपायला लाज वाटली.

कमळी आली. हातात पाण्याची बादली, काखेत फडकं, दप्तरात औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेलं फिनाईल. तिने ज्ञानदाकडे पाहिलं आणि क्षणभर थांबली.

"दार लोट," ती म्हणाली. "अँथनीकाका बघेल."

ज्ञानदाने दार लोटलं. कमळीने बादली ठेवली आणि बाक घासायला सुरुवात केली, जणू ज्ञानदा आली ते मदतीलाच. साबणाचा तुकडा चंदनाचा होता, झिजून बोटाएवढा झालेला.

"का करतेस?"

"वास येतो ना." शाळेत कमळी प्रत्येक शब्द जपून बोलायची, आत्ता तिने ते सोडून दिलं होतं. "मला पयला येत नव्हता. मग सगले सांगायला लागले. मग यायला लागला. घरी आईला विचारला तर ती म्हनते, कसला वास? तिला कसा येनार, तिला सवय हाय. मग मी मला घासली. साबनानं, मग दगडानं. तरी येतच होता. मग म्हटलं बाकात मुरला असेल."

"मला सांगायचंस."

कमळी थांबली. ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं.

"तुला? तू रुमाल हातात धरतेस."

"मी नाकाला कधीच लावला नाही," ज्ञानदा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तो आईची चिठ्ठी आणणाऱ्या रिद्धीसारखा होता.

"म्हनून तर." कमळीने पुन्हा घासायला घेतलं. "हर्षा मस्करी करतो. रिद्धीला काय कलत नाय. त्यांचा मी मनावर घेतला नाय. पन तू चांगली हायस. तू रुमाल धरलास, मग मला पटला. येतच असनार."

ज्ञानदाने कमळीच्या दप्तरातलं दुसरं फडकं घेतलं. दोघींनी मिळून बाक आडवा केला, खालून पुसायला. खालून तो बाक कधी कोणी पाहिला नव्हता. वरून पॉलिश होतं, खाली नव्हतं. फळीच्या कडेला निळ्या रंगाचे पोपडे होते. फटींत कापूस ठासून भरलेला होता, काळा पडलेला. जागोजागी बुजवलेली जुनी भोकं होती, त्यांतल्या एकातून गंजलेल्या खिळ्याचं टोक डोकावत होतं. आणि ओल्या लाकडातून वास येत होता, असा की कमळीचा हात जागीच थांबला. तिने फळीवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"तेल हाय," ती हळूच म्हणाली. "मुशी माशाचा तेल. होडी सडू नये म्हनून लाकडाला पाजतात." तिने फळीवर बोटांनी ठोकून पाहिलं, दार वाजवून पाहावं तसं. "ज्ञानदा, हा बाक नाय. ही होडी हाय."

ज्ञानदा उठली आणि मागच्या कोपऱ्यात हर्षवर्धनच्या बाकापाशी गेली. सेंटच्या थराखाली तोच वास होता. मग तिला एकाएकी आठवलं, आणि इतके दिवस का आठवलं नाही हे कळेना: कमळी पाचवीपासून या वर्गात होती. जूनपर्यंत वास आला नव्हता. जूनमध्ये बाक आले होते. फुटक्या काचेतून पाऊस आत आला की तेल लाकडातून वर यायचं. आणि कमळी ते रोज पाणी ओतून आणखी वर काढत होती.

खालून बसचा हॉर्न ऐकू आला. कमळी खिडकीकडे गेली.

"बाबा आला," ती म्हणाली.

६

आशालताबाईंच्या खोलीत उदबत्ती लावलेली होती आणि खिडक्या सताड उघड्या होत्या. दोन्ही गोष्टी कमळीच्या बाबांसाठी केलेल्या होत्या, आणि त्यांना त्या कळल्या. इस्त्रीचा सदरा घालून ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते.

ज्ञानदाने सगळं सांगितलं. ज्याची तिने दोन वर्षं तयारी केली होती, तेच हे भाषण होतं: गुरुवारचा कोरडा बाक, पांढरं फिनाईल, सेंट, बंद दर्या, जूनमधले बाक. ते बिनचूक होतं, आणि तिला ते लवकर संपवायचं होतं. कमळीने स्वतः बाक धुतला, हे वाक्य तिने सगळ्यात हळू आवाजात म्हटलं. बाबांनी मुलीच्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

बाईंनी भालचंद्रशेठना फोन लावला. शेठ अजिबात ओशाळले नाहीत. हो, गोखिवऱ्याच्या शेडमध्ये जुन्या होड्या तोडून बाक केले, म्हणाले, अस्सल साग आहे, मी सागच सांगितला होता. बाईंनी आभार मानून फोन ठेवला. मग त्या मनापासून हसल्या, सुटल्यासारख्या.

"चला, उलगडा झाला. मुलीचा काहीच दोष नाही. बाक आपण बदलून घेऊ. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी सगळ्यांना सांगते, की कमळीच्या अंगाला वास येत नाही."

 बाबांनी घसा खाकरला.

"म्हंजे बाई, वास बाकाचा निघाला म्हनून पोर राहील."

"अगदी."

"पोरीचा निघाला असता, तर?"

बाईंनी तोंड उघडलं. त्यांचं उत्तर फाटकाशी संगमरवरावर होतं, पण ते पाठ नसावं. त्या म्हणाल्या, तसं नव्हे हो, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका, आमच्या शाळेत कधीच... आणि टेबलावरचा पेपरवेट त्यांनी थोडा उजवीकडे सरकवला.

बाबांनी आवाज चढवला नाही. मी मासे मारतो, ते म्हणाले, माझ्या अंगाला वास येतोच, कोणी काय करायचं? मग ते मुलीकडे वळले. "तू सांग. राहतेस? वरस जाईल, ते मी बघीन. तू सांग."

 कमळीला ही शाळा आवडायची. बीजगणिताचे सर आवडायचे. गेले चार दिवस तिचं काहीतरी वाचवायला ज्ञानदा धावत होती, हेही तिला कळत होतं. तिने दाराशी उभ्या असलेल्या ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदाने मान हलवली, राहा म्हणून, जेवढी जोराने हलवता येईल तेवढी. कमळी हसलीसुद्धा थोडी. मग तिची नजर ज्ञानदाच्या हाताकडे गेली.

ज्ञानदानेही खाली पाहिलं. वर्गातून येताना, ओल्या बाकाजवळून निघताना, कधीतरी खिशातून काढला असावा. तिला आठवत नव्हतं. मुठीत रुमाल होता.

"नको," कमळी म्हणाली.

बाईंनी दाखल्याचं कोरं पान काढलं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. बराच विचार करून त्यांनी लिहिलं: पालकांची इच्छा. 'वर्तणूक' या रकान्यात लिहिलं: चांगली. शिक्का मारला. बाबांनी पान नीट दुमडून सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि बापलेक पायऱ्या उतरून गेले. फाटकाशी बाबा थांबले आणि शेवाळलेल्या पाटीवरची अक्षरं वाचायचा त्यांनी प्रयत्न केला. नाव तेवढं लागलं.

आशालताबाईंनी सोमवारी प्रार्थनेच्या वेळी, ठरल्याप्रमाणे, स्वच्छतेवर भाषण केलं. बाक बदलायचं राहून गेलं, कारण सभागृहाच्या देणगीचं शेठशी बोलणं चालू होतं. खिडकीजवळ बसायला कोणी तयार नव्हतं. ज्ञानदा उठली, आपलं दप्तर घेऊन तिथे गेली आणि बसायच्या आधी तिने फळीवर हात ठेवून पाहिला.

बाक कोरडा होता. वास येत होता.